दारावरची पाटी

साकेत,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी ठाण्याला बँकेत जातेय. तुझ्या मानपाड्याच्या बुडालेल्या कारखान्याच्या कर्जाला जामीन मी राहिले होते, तर सगळं फिटल्याचं पत्रही मीच घेणार. मागोमाग येऊ नकोस. तिथे तू शिपायालासुद्धा सॉरी म्हणत सुटतोस.

फ्रिजमध्ये मोड आलेली मटकी आहे, उसळ कर. तिखट घाल जरा.

आणि वसुलीवाल्यांना घर सापडू नये म्हणून काढलेली आपल्या नावाची पाटी माळ्यावर आहे. ती पुसून दाराला लाव. आज बेल वाजली की टीव्ही म्यूट करून गप्प बसू नकोस, सरळ दार उघड. मी किल्ली मुद्दामच नेलेली नाही.

क्षिप्रा