मधली रेघ उजवीकडंच धरावी

मी, तुळजाबाई राधाकिशन जाधवर, वय एकाहत्तर, राहणार नांदूरघाट, लिहून ठेवते की माझं डोकं जाग्यावर आहे आणि ऑपरेशननंतर डोळ्याला बारीकसुद्धा दिसतं. कुणी दमदाटी केलेली नाही, करून बघावी. शाळा तिसरीपर्यंत, अक्षराला हसू नये.

१) म्हैस थोरली सून विजयमाला हिला. धार तीच काढते. तिचा नवरा तानाजी याने म्हैस आपल्या वाट्यात मोजू नये.

२) राहतं घर धाकट्या अमरसिंहला. नवराबायको ऊसतोडीहून आल्यावर टेकायला जागा पाहिजे. तानाजीचं स्लॅबचं आहे, माझ्या पत्र्याकडं बघून तो नाक मुरडतो. त्याला त्रास नको.

३) शेडातलं टेबल टेनिसचं टेबल अमरसिंहच्या पोरीला, संस्कृतीला. इथं थोडं जास्त लिहिते. तालुक्याला डबलची फायनल होती. संस्कृती आणि तिची मैत्रीण वर्षाराणी एकीकडं, समोर शाळेच्या चेअरमनच्या नाती. पंच तानाजी, शाळेत खेळाचा मास्तर. डबलमध्ये सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्यातून समोरच्याच्या उजव्या अर्ध्यात तिरपी जावी लागते. शेवटच्या पॉइंटला संस्कृतीचा बॉल समोरच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर पडला. मी टेबलाच्या टोकालाच बसले होते. तानाजी ओरडला, "फॉल्ट!" मॅच गेली.

"तान्या, रेघेवर पडला की रं!"

"आये, रेघ म्हंजी बांध. बांध कुणाचाच नसतो."

शेजारच्या टेबलाचे बीडचे पंच म्हणाले, "सर, मधली रेघ उजव्या अर्ध्यातच धरतात. बॉल चांगला होता. पण मॅच तुमची, निकाल तुम्हीच बदला."

तानाजीनं मला कोपऱ्यात नेलं. "आता कावून उकरती? पुतणीला दिला असता तर चेअरमन म्हणला असता, घरचीला झुकतं माप दिलं."

इमानदारी दाखवायला ह्याला घरचीच पोर सापडली. आणि बांध कुणाचाच नसतो म्हणणारा हाच, भाऊ ऊसतोडीला गेला की दरसाल बांध कोरतो.

पोर तेव्हापासून शेडाकडं फिरकत नाही. "आज्जी, काकाच न्हाई म्हणला, मग भांडू कुणाशी?" म्हणते. माझ्याच्यानं हे गिळवत नाही.

४) जमीन माझ्या नावची, मी कोयता चालवून घेतलेली. विहिरीला पाठ करून उभं राहिलं की डावा अर्धा तानाजीचा, उजवा संस्कृतीचा. मधला बांध लिंबासकट उजव्या अर्ध्यातच धरावा. मोजणीवाल्याला हे मोठ्यानं वाचून दाखवावं.

५) तानाजीला त्याचा अर्धा एका अटीवर मिळेल. माझ्या दहाव्याला सगळ्या भावकीसमोर, चेअरमनलाही बोलावून, संस्कृतीच्या तोंडाकडं बघून म्हणावं, "बॉल चांगला होता." रडून दाखवू नये, भाषण करू नये, तेवढंच म्हणावं. नाही म्हणला तर तो अर्धाही तिचाच.

तानाजीला कोर्टात जायचं असेल तर खुशाल जावं. जज पहिलं हेच विचारील, बॉल कुठं पडला होता? तान्या, तिथं शपथ घेऊन सांग.

सही केली आहे, अंगठा नाही: तुळजाबाई राधाकिशन जाधवर
साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या: कडूबाई त्रिंबक घुले, शिवशंकर हनुमान तांदळे
नांदूरघाट, ता. केज, जि. बीड. १४ डिसेंबर २०२५