अनिबालच्या गुरुवारांची वाटणी

मी, डेल्फिना फुर्तादो, वय चोवीस, राहणार फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीची ग्वाही मी फक्त स्वतःची देते. दुसऱ्याची द्यायला गेलं की काय होतं ते पुढे येईलच. सोमवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "याने कुणी मरत नाही." तरी माझ्यावर एक जबाबदारी आहे आणि ती वाऱ्यावर सोडता येत नाही.

माझा थोरला भाऊ अनिबाल याचा घरफोडीचा खटला मानसिक आरोग्य न्यायालयात आहे. त्याने औषधं घ्यायची आणि एक आड एक गुरुवारी घरच्या माणसाला घेऊन न्यायाधीशबाईंसमोर उभं राहायचं. वर्षभर हे नीट झालं तर खटला मिटतो. नाही झालं तर तो जुन्या कोर्टात परत जातो आणि अनिबाल तुरुंगात. आजवर घरचं माणूस म्हणजे मी.

कलम १. घर भाड्याचं आहे. सबब स्थावर काही नाही.

कलम २. समाजकार्याची माझी पदवी, आमच्या घरातली पहिली, टीव्हीच्या वर टांगलेली आहे. ती आईची. फ्रेमवरचं प्लास्टिक आता काढावं. पुस्तकं ग्रंथालयाला द्यावीत. समासात मी रागाने काहीबाही लिहिलं आहे, ते खोडू नये. मला अजून तसंच वाटतं.

कलम ३. माझी हिरवी गाडी श्री. बाल्तझार रेगो यांस.

इथे आई वाचायचं थांबवेल. आई, वाच.

आमच्या गल्लीतले बाल्तझारकाका या खटल्यातले फिर्यादी. गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या पवित्र आत्म्याच्या सणाचा चांदीचा मुकुट चिठ्ठी निघून त्यांच्या घरी आठवडाभर मुक्कामाला होता. अनिबालची झोप तेव्हा पार उडाली होती. तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला, मुकुट घेतला आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीत रांगेतल्या एकेकाला घालत सुटला. मुकुट साध्या माणसाच्या डोक्यावर ठेवायचा, हाच तर सण. माझ्या मते त्याचा मुद्दा बरोबर होता, खिडकी चुकली.

अनिबालच्या वकीलबाईंनी जुन्या कोर्टात अर्ज केला, खटला मानसिक आरोग्य न्यायालयात हलवा म्हणून. न्यायाधीशांनी विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं आहे? मी उठायच्या आत आई उठली. ईस्टरचा निळा झगा घालून आली होती.

"साहेब, आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. माझा पोरगा तुमच्याआमच्याइतका शहाणा आहे."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी म्हटलं, "आई, खाली बस."

"का बसू? भर कोर्टात पोटच्या पोराला वेडा म्हणू? उद्या सणात तोंड दाखवायचंय मला!"

सरकारी वकील म्हणाले, शहाणा असेल तर नेहमीसारखा खटला चालवू. ते फाईल मिटणार, तेवढ्यात मागून बाल्तझारकाका आईवर गरजले:

"शहाणा? इल्दा, काही लाज? आधी माझ्या कुत्र्याला मुकुट घातला त्यानं! त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि मला म्हणतो, काका, तुम्ही पण टेका. मग काय, टेकले मी! एवढा रडत होता पोरगा. याला तुरुंगात कसले घालताय, डॉक्टरकडे न्या!"

अर्ज मंजूर झाला. आईने मात्र त्या दिवसापासून काकांशी बोलणं टाकलं. गल्लीभर सूप वाटते आणि त्यांचं घर तेवढं गाळते.

म्हणून अट. आईला गाडी येत नाही, काकांना येते. एक आड एक गुरुवारी त्यांनी तिला आणि अनिबालला कोर्टात न्यावं. वाटेत भांडायला हरकत नाही. तिथे न्यायाधीशबाई विचारतात, "घरी कसा असतो?" "उत्तम" हे त्याचं उत्तर नव्हे. झोपला का, जेवला का, गोळी जिभेखाली लपवली का, ते सांगायचं. आजार हा शब्द उच्चारायचा. आईला जमणार नसेल तर तिने आत्ताच सांगावं, मी दुसरं कुणी शोधीन. दुसरं कुणी नाही, पण शोधीन.

आरोपीला "काय केलंस?" विचारल्यावर "काय होतंय तुला?" हेही विचारणारी कोर्टं सगळीकडे हवीत असं माझं मत आहे. याचा मालमत्तेशी संबंध नाही.

कलम ४. अनिबालला काही ठेवलेलं नाही. काय हवं विचारलं तर म्हणाला, "तू परत ये." हे कायद्यात बसत नाही, नोंद केली आहे.

स्थळ: फॉल रिव्हर. शनिवार, १४ मार्च २०२६.

लिहून ठेवणार: डेल्फिना फुर्तादो

साक्षीदार:
१. ग्लोरिया पाशेको, शेजारीण
२. डेनिस ओ'कीफ, ऑफिसातले सहकारी (सूप पिऊन सही केली)

खाली आईच्या अक्षरात:

अटी वाचल्या. माझ्या मुलाला आजार आहे. हे कोर्टात मी स्वतः सांगेन. बाल्तझारने मध्ये बोलू नये.
इल्दा फुर्तादो