पेव उघडण्याआधी

अल्लीपूर,
ता. १२ मे १९५४

कारंज्याचे प्रेमदासभाऊ यांस डोमाजीचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. इकडे ऊन फार, विहिरी तळाला गेल्यात. तुमची आई आता हिंडते-फिरते हे वाचून बरं वाटलं. पत्र रूपरावच्या नावचं होतं. उत्तर मी, त्याचा थोरला भाऊ, लिहितो आहे.

मागच्या वर्षी इथं राहून तुम्ही रूपरावकडून ज्वारीचं पेव भरायला शिकलात. खड्ड्याच्या तळाला नि कडेला कडबा, वर कडुलिंबाचा पाला, तोंडावर फरशी नि माती. तुम्ही तसंच भरलं असणार, आणि आता ते उघडणार असं लिहिता. उघडल्यावर एक दिवस वारा लागू द्यावा, मग उतरावं, असं त्यानं सांगितलं होतं. आमच्या बापानंही तेच सांगितलं होतं.

भाऊ, ते पुरत नाही.

इथवर लिहून मी कागद बाजूला सारला होता. पण कारण कळल्याशिवाय तुम्ही थांबणार नाही.

रूपराव होळीच्या आधी गेला. आमच्याच पेवात. पावसाळ्यात आत पाणी झिरपलं होतं, ज्वारी कुजली होती. वरून काही कळलं नाही. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, दुसऱ्या सकाळी कमरेला दोर बांधून तो उतरला. खालून म्हणाला, "दादा, वास येऊन राह्यला." मी म्हटलं, "वर ये." दोर एकदम जड झाला. आमचा गडी नत्थू उडी टाकायला धावला, तर रूपरावच्या बायकोनं, देवकाबाईनं, त्याचं धोतर धरलं. माझ्यासारख्या भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी शब्द न काढणारी ती बाई ओरडली, "कोणी उतरू नका! वरूनच ओढा त्याह्यले!"

ओढला. श्वास नव्हता.

पेव बुजवलं, तरी बैल तिथं अडतात. पहाटे जातं फिरू लागलं की घरघरीत रूपरावचं ते शेवटचं वाक्य मला ऐकू येतं, आणि पुढचं ऐकायला मी थांबतो. एकदा देवकाबाईनं जातं थांबवून विचारलं, "तुमालेबी येते का आवाज?" मी हो म्हटलं. तिनं पुन्हा खुंटा धरला.

सिंदीचे भैय्याजी विहिरींचा गाळ काढतात. ते भेटायला आले, म्हणाले, "आमी आधी पेटता कंदील सोडतो. विझला तर खालची हवा खराब, उतरत नाई."

दाराआडून देवकाबाई म्हणाली, "मंग हे आमाले काऊन नाई सांगतलं?"

"कोणी इचारलंच नाई, बाई. पेवातबी असं होते, हे मले कुठं ठाऊक?"

तेव्हापासून गावात पेव उघडलं की ती कंदील घेऊन जाते. पेवाच्या तोंडाशी विधवा नको, म्हणून लोकांनी तिला हाकललंही. पुंडलिकरावांच्या पेवात कंदील विझला. त्यांची दोन्ही पोरं उतरायच्या तयारीत होती. देवकाबाई काठावर बसून राहिली. पुन्हा सोडलेला कंदील तळाशी जळत राहिला तेव्हाच उठली.

पुढच्या गुरुवारी, ता. २० ला, मी तिला घेऊन कारंज्याला येतो. घरातल्या बायांना सांगून ठेवा, तिला दारातून परत पाठवू नये. ज्यानं तुम्हाला पेव भरायला शिकवलं, त्याची बायको ते उघडायला येते आहे.

तोवर फरशीला हात लावू नका. आतून कोणी हाक मारली तरी.

तुमचा,
डोमाजी