गुणाबाईंचे सेहेचाळीस शब्द

१४ मार्च २०११

आज किशोरीशी धडधडीत खोटं बोलले. अडतीस वर्षं पोरांना खोटेपणाबद्दल बाकावर उभं केलं, आणि आज स्वतः! कोणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

किशोरी माझी जुनी विद्यार्थिनी. तिची आई गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला — कायमचा. तो जाणार हे आधी कळलं होतं, म्हणून किशोरीने तीन दिवस बसून आईचे एकशे साठ शब्द कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले. कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर छोटा प्रोग्रॅम लिहिला: बटण दाबलं की आईचा आवाज. पण कॉम्प्युटर टोपलीशेजारी कोण मांडणार? तिच्या भावाने, मिथुनने, लिनक्सवरच चालणारा फोन आणला. प्रोग्रॅम त्यात बसवायचं काम मी मागून घेतलं. मागून!

आज तिने विचारलं, "बाई, आयेचे बाकीचे शब्द?"

म्हटलं, "त्या फाइली खराब निघाल्या."

खराब नव्हत्या. मी काढून टाकल्या. सेहेचाळीस.

१५ मार्च

कसं झालं ते लिहिते, सबबी न देता.

अवघड भाग जमला होता. डेस्कटॉपची खिडकी फोनवर मावत नव्हती, अर्धी बटणं पडद्याबाहेर. माउसचं उजवं बटण फोनला नाहीच. मग बटणं बोटाएवढी केली, पानं पाडली, एका पानावर बारा. चौदा पानं झाली! गिऱ्हाईक समोर उभं असताना चौदा पानं कोण उलटणार? म्हणून शब्द कमी करायला बसले.

तिथे घसरले. फाइलचं नाव वाचायचं, पहिला सेकंद ऐकायचा, निकाल. "मेल्या" — काढलं. "फूट हितून" — काढलं. "नाय" चार वेळा — चार कशाला? चारही काढले, जागी माझ्या आवाजात एक स्वच्छ "नाही". असे वीस शब्द मी स्वतः बोलून भरले. एकाहत्तरची बी.एस्सी., कॉम्प्युटर पन्नाशीत शिकले, त्याचा केवढा तोरा! एका बाईची जीभ शुद्ध करायला निघाले.

मग दोन्हीकडचे फोल्डर सारखे करायची आज्ञा दिली. फोनवर जे नव्हतं ते किशोरीच्या कॉम्प्युटरवरूनही पुसलं गेलं. दुसरी प्रत नाही. आधी प्रत काढून ठेवा — हे वर्गात मीच बजावत असे.

१६ मार्च

किशोरीचा फोन आला. उचलला नाही.

१८ मार्च

बाजारात गेले. खांबाआड उभी राहिले, चोरासारखी.

एकाने पापलेटचा भाव पाडून मागितला. गुणाबाईंनी बटण दाबलं. माझा आवाज — "नाही. परवडणार नाही."

शेजारची भामा ओरडली, "अगो गुणे, ही कंची मास्तरीन तुज्या नरड्यान बसली?"

सगळे हसले. गिऱ्हाईकसुद्धा. गुणाबाई हसल्या नाहीत. फोन पिशवीत टाकला आणि बोटांनी भाव दाखवू लागल्या.

तेवढ्यात मी दिसले. त्यांनी उठून दोन्ही हात जोडले. मला!

२० मार्च

"जरा तपासते" म्हणून किशोरीचा कॉम्प्युटर आणि गुणाबाईंचा फोन घरी आणला. अजून एक खोटं. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम दिवसभर चालवला. पण पुसल्यानंतर तिच्या घरी काम करताना त्याच डिस्कवर मीच ढीगभर नवं भरलं होतं, जुन्या जागा त्याखाली गेल्या. नऊ फाइली मिळाल्या. नावं गेलेली. म्हणजे कोणती काय ते कळायला प्रत्येक शेवटपर्यंत ऐकावी लागली.

ऐकल्या. पहिल्यांदाच.

२१ मार्च

किशोरीला सगळं सांगितलं. "बसा ना बाई," म्हणत होती. बसले नाही.

तिने विचारलं, "काढायच्या आधी ऐकलं तरी होतं तुमी?"

"पहिला सेकंद."

"चार 'नाय' चार होते, बाई. एक भाव पाडणाऱ्याला. एक आमाला पोरांना. एक मस्करीतला..." चौथा तिने सांगितला नाही. एवढंच म्हणाली, "आयेला तुमीच सांगा."

शाळेत मी तिला "आमी, तुमी"वरून किती टोकलं! आज तेच शब्द शेवटपर्यंत ऐकले.

२३ मार्च

गुणाबाईंना काय केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघत. हात जोडले नाहीत.

त्यांना दिलं: फोन एक, चार्जर एक, किशोरीचा कॉम्प्युटर. शब्द एकशे तेवीस, सगळे त्यांचेच. माझे वीस काढले. सदतीस कायमचे गेले.

परत मिळालेल्या नवांत "नाय" एकच. तोच चौथा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा, अकरा सेकंदांचा. आधी किशोरीचा आवाज आहे — "आये, उद्याची भीती वाटते काय गं?" मग बराच वेळ काही नाही. मग — "नाय." जसाच्या तसा दिला, न कापता.

गुणाबाईंनी तो एकदा वाजवला, आणि तोच शब्द पडद्यावर ठेवून फोन किशोरीच्या हातात दिला.