ताटाखालची नोट

प्रिय ट्वायला,

फोनवर तू माझ्यावर उखडलीस तेव्हा मी 'बघते' म्हणून फोन ठेवला. मी 'बघते' म्हटलं म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. "हार्लन दर रविवारी तुझ्यासाठी वीस डॉलर टीप ठेवतो आणि तू त्याला साधं थँक्यू म्हणत नाहीस? होणारा मेहुणा आहे तो तुझा, ताई!" अगं, कसले वीस डॉलर?

चर्च सुटलं की आमच्या हॉटेलात कशी झुंबड उडते, ते तू फक्त खुर्चीत बसून बघतेस. पंधरा जणांचं टेबल, चहा पुरेसा गोड नाही, पाव गार आहेत, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझंही नाव: "प्रभू, आमच्या सिस्टर एर्लीनला आशीर्वाद दे." बहुतेक जण त्या आशीर्वादावरच माझी बोळवण करतात. ताटाखाली घडी घातलेली नोट दिसते, उलगडली की निघतं नोटेसारखं छापलेलं धर्माचं पत्रक. 'पैशाहून मोठा ठेवा हवा असेल तर रविवारी चर्चला या.' रविवारी मी कुठे असते? यांच्याच पुढ्यात तळलेलं चिकन वाढत! सगळेच तसे नसतात हं. म्हाताऱ्या ओडेलबाई खरी नोट हातात देतात आणि माझ्या गुडघ्याची चौकशीही करतात.

तुमच्या टेबलावर मला दर रविवारी ते पत्रकच मिळालं. हार्लन चर्चचा डीकन, तिथला कारभारी माणूस, त्याच्याकडे पत्रकांचा गठ्ठाच असणार, असं म्हणून मी सोडून दिलं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. पण तू तर खरी नोट डोळ्यांनी बघितलीस म्हणतेस. मग माझा पहिला संशय माझ्याबरोबर वाढणाऱ्या नदीनवर गेला, शेजारची टेबलं तीच बघते. आडून विचारलं तर फणकारली, "तुझी टेबलं तू सांभाळ बाई, मला माझीच झेपत नाहीत!"

म्हणून गेल्या रविवारी गोड पदार्थांच्या कपाटाआड उभी राहिले. त्याने तुझ्यादेखत नोट ठेवली, तुला गाडीत बसवलं आणि टूथपिक घ्यायला म्हणून एकटाच परत आला. टूथपिक घेतली, टेबलाशी गेला, नोट खिशात घातली आणि पत्रक ताटाखाली सारलं. हात इतका सराईत! बाहेर पडताना मी समोर आले, तर वर मलाच म्हणतो, "देव तुझं भलं करो, सिस्टर."

तू म्हणशील, दोन नवरे सोडलेल्या बाईला बहिणीचं सुख बघवत नाही. म्हण. ते वीस डॉलर गेले खड्ड्यात. पण सोमवारी तू आईचं घर त्याच्या नावावर करून देणार आहेस, आणि मला भीती वाटतेय, म्हणून हे लिहिलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. फक्त या रविवारी तो टूथपिकसाठी मागे वळला की गाडीत बसून राहू नकोस. त्याच्या मागोमाग आत ये.

तुझीच,
एर्लीन