शिल्लक शब्द : ५६८

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या पाठीची चौकशी आधीच करते, नंतर राहून जाईल. दुखणं बसताना जास्त की उठताना, हे तू लिहिलं नाहीस; नुसतं ‘फार’ असं लिहिलंस. त्यावरून काही ठरवता येत नाही. इकडे मी बरी आहे. बाबांचा रक्तदाबही ठीक आहे (तीनदा मोजून सरासरी काढली).

मागच्या पत्रात मी कळवलं होतं, की चार महिन्यांच्या सरावानंतर बाबांना तिकडच्या भाषेतले बत्तीस शब्द येतात. तो आकडा चुकीचा आहे. त्याच्यावर विसंबून तू बाबांना तिकडे बोलावण्याऐवजी चिमणीला शाळेनंतर पाळणाघरात ठेवायचं म्हणते आहेस, म्हणून हे पत्र आजच टाकते. तुझी नोकरी पहिल्या तारखेला सुरू होणार, आणि चिमणीला मराठी कळत असलं तरी बोलता येत नाही (दोष कुणाचा यावर आपण दोनदा भांडलो आहोत, तिसऱ्यांदा नको). ज्यांना नातीचं बोलणं समजणार नाही त्या आजोबांच्या भरवशावर सहा वर्षांची पोर सोडायची नाही, हा तुझा निर्णय योग्यच होता. आकडा माझा होता.

आता चूक कशी झाली ते सांगते. बाबांसाठी मी जो प्रोग्रॅम लिहिला तो अगदी साधा आहे. पडद्यावर मराठी शब्द येतो, खाली रिकामा चौकोन असतो, त्यात तिकडचा शब्द टाइप करायचा. एखादा शब्द तीनदा बरोबर आला, की तो यादीतून निघून जातो. चुकला, तर पुन्हा पुन्हा येतो. वरच्या कोपऱ्यात, माणसाला हुरूप यावा म्हणून, मी एक ओळ घातली : ‘शिल्लक शब्द : ६००’. (हुरूप ही गोष्ट मला फारशी समजत नाही, पण अशा प्रोग्रॅममध्ये ती लागते असं वाचलं होतं.) आपले वडील कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीशी त्याचा काही संबंध असेल, असं वाटलं नाही.

पहिल्या पंधरवड्यात शिल्लक ५६८ वर आली. तिथून ती हलली नाही. बाबा रोज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, तासभर कीबोर्डसमोर बसत, एका बोटाने टाइप करत आणि समाधानाने उठत. प्रगती शून्य. मी अक्षरं मोठी केली, खुर्ची बदलली, कानांच्या डॉक्टरकडे नेलं (कानांचा इथे काही संबंध नव्हता, पण वेळ मिळालेली होती). डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. बाबा म्हणाले, “मी तेच सांगत होतो, पण फी दिल्याशिवाय तुला पटत नाही.”

मंगळवारी मी चष्मा घरी विसरले. त्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेत नवी भट्टी बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला होता. मी तिथे लोकांच्या थर्मामीटरमधल्या चुका शोधते, आणि तेही मला चष्म्याशिवाय जमत नाही, म्हणून बाबा तो घेऊन आले. अर्ध्या तासाने मी खाली गेले, तेव्हा ते दोघं बाकावर बसून बोलत होते. बाबांची वाक्यं कुबड्या घेऊन चालत होती, पण पोचत होती. नंतर इंजिनियर मला इंग्रजीत म्हणाला, की तुझ्या वडिलांनी विचारलं, तुमच्याकडे सहा वर्षांची मुलं शाळेत कशाला घाबरतात, आणि रडायला लागली की त्यांना काय म्हणतात. त्याने उत्तर दिलं, ते बाबांनी बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं होतं.

घरी येताना मी विचारलं, येतं तर मग चुकीचं का टाइप करता?

“बरोबर लिहिलं की शब्द जातो.”

“जातो म्हणजे डोक्यात जातो, बाबा. शिल्लक शून्य व्हायला पाहिजे.”

“शून्य!” ते रस्त्यातच थांबले. “एकतीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एकही खण रिकामा पडला नाही, आणि आता पोरीच्या घरी जायच्या वेळी पाडू? डोक्याचं काय सांगतेस, डोक्यातून काय काय गेलंय ते माझं मला माहीत.”

त्यांनी ‘चमचा’, ‘टोपी’, ‘कात्री’ असा किरकोळ माल जाऊ दिला होता. ‘दुखतंय का’, ‘घाबरू नकोस’, ‘जवळ ये’ हे मात्र राखून ठेवले होते. ते समोर आले, की दरवेळी उत्तर म्हणून ‘खिडकी’ टाइप करायचं. चार महिने, प्रत्येक चुकीचं उत्तर ‘खिडकी’. जो थर्मामीटर दरवेळी नेमका तेवढाच चुकतो, तो बिघडलेला नसतो, हे आम्ही नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काल प्रोग्रॅम बाजूला ठेवून मी त्यांना सगळे शब्द तोंडी विचारले. सहाशेपैकी पाचशे एकाहत्तर बरोबर. तेव्हा पाळणाघराला नाही म्हणून कळव, आणि त्यांना बोलावून घे.

चिमणीला आशीर्वाद. पाठीचं नीट लिही.

तुझी,
धाकटी

ता. क. : ती वरच्या कोपऱ्यातली ओळ मी काढून टाकली. बाबांनी विचारलं, साठा कुठे हलवला. मी सांगितलं, तुमच्याकडे. त्यांनी सही मागितली, ती दिली.

ता. क. २ : ‘माझ्या लक्षात यायला हवं होतं’ असं वर लिहिलं आहे. ते दुसऱ्याच महिन्यात आलं होतं. प्रोग्रॅम प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतो आणि मी नोंदी वाचते. तरीही तुला बत्तीस कळवले. सकाळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असतो, याची मला सवय झाली आहे. हे कारण म्हणून पुरेसं नाही, हे मला माहीत आहे.

ता. क. ३ : तिकीट जाण्या-येण्याचं काढ, आणि येण्याची तारीख मला कळव. अंदाजे नको.