बाल्कनीतली यूनिस

५ सप्टेंबर
लँबर्ट थिएटरमध्ये नोकरी लागली. टूर गाइड. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली, आणि पदवीही इतिहासाची. योग्य माणूस योग्य जागी. आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढपाचं काम करते. तिने तिथल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, आमची मार्नी थिएटरची इतिहासकार झाली. मी दुरुस्ती केली नाही. वर्षभरात होईनच.

मॅनेजर लॉर्ना म्हणाली, ऑक्टोबरात लोक भुतांसाठी येतात, दोन-चार तयार ठेव.

निश्चय: भुतं नाहीत. पुराव्याशिवाय एक शब्द नाही.

१६ सप्टेंबर
पहिली टूर. विषय: छताचं प्लॅस्टर, १९०८ ते १९२६. माणसं चार. त्यातली दोन बाथरूम शोधत आली होती. एक आजोबा सारखे विचारत होते, इथे मेलं कोण? तशी नोंद नाही, म्हटलं. म्हणाले, मग मला एवढे जिने चढवलेस कशाला?

लोकांना सवय नाही. लागेल.

२३ सप्टेंबर
माणूस एक. लॉर्नाचा नवरा.

लॉर्ना म्हणाली, मार्नी, तू गोड आहेस, पण हे असंच चाललं तर टूर बंद, आणि गाइडही. आई पुढच्या महिन्यात कॅन्टीनच्या सगळ्या बायकांना घेऊन येणार आहे. तिकिटंही काढून झालीत.

२४ सप्टेंबर
शोध लागला! बाल्कनीतल्या पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीच्या हातावर पितळी पट्टी. यूनिस बेअर्ड, १९५१–१९५८. सात वर्षांची पोर! खुर्चीसमोरच कठडा, आणि कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. काय घडलं असेल ते उघड आहे.

ही बनवाबनवी नाही. पट्टी हा लेखी पुरावा. बाकीचं अनुमान, आणि इतिहासात अनुमान चालतं. जुनी वर्तमानपत्रं तपासायला हवीत. आज रविवार, लायब्ररी बंद. या आठवड्यात नक्की.

३० सप्टेंबर
यूनिसची पहिली टूर. सगळे दिवे घालवले. रिकाम्या रंगमंचावर एक बल्ब कायम जळत ठेवतात, भुतांना अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून. तेवढाच चालू. सांगता सांगता यूनिसच्या हातात एक लाल चेंडू आला. कुठून आला ते मला नीट सांगता येणार नाही. एक बाई रडली. मग मीही रडले. खोट्या गोष्टीला मी रडले नसते.

लायब्ररी: पुढच्या आठवड्यात.

७ ऑक्टोबर
दोन्ही टूर फुल्ल. लोक यूनिसच्या खुर्चीवर बाहुल्या नि चॉकलेटं ठेवून जातात. आता पांढरा फ्रॉक आणि दुष्ट सावत्र आईही आली आहे. लॉर्नाने लाल चेंडू विकायला ठेवलेत. घरी गोष्ट सांगितली तर आई भांडी घासता घासता थांबली आणि रडली. म्हणाली, एवढं शिकवल्याचं सार्थक झालं.

लायब्ररीची तशी घाई नाही.

१४ ऑक्टोबर
थोडा गैरसमज झाला आहे.

आज टूरमध्ये नव्वदीच्या एक आजी होत्या. काठी टेकत बाल्कनीपर्यंत चढल्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, पोरी, मी पडले ती नेमकी कुठल्या बाजूला? लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

त्या यूनिस बेअर्ड. सात वर्षं इथे टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या. पुढे थिएटर पाडायची वेळ आली तेव्हा गावाने पैसे भरून एकेक खुर्ची वाचवली, आणि वाचवणाऱ्याचं नाव खुर्चीवर लागलं. यूनिसबाईंनी नावापुढे नोकरीची वर्षं घातली. अशा पट्ट्या सगळ्याच खुर्च्यांवर आहेत. मी बाकीच्या वाचल्या नव्हत्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, माझ्या खुर्चीत बसायला आले तर तिथे बाहुल्या बसल्यात. पणतीला शाळेत पोरं भुताची नात म्हणतात, ती घरी येऊन रडते. आणि माझी आई सावत्र नव्हती हो. शेवटचा खेळ सुटला की ती रोज मला न्यायला यायची, थंडीतसुद्धा. पुढच्या शनिवारी परत येते, तेवढं सगळ्यांसमोर नीट सांग.

मी शब्द दिला.

१८ ऑक्टोबर
लॉर्नाला सांगितलं. म्हणाली, खरं सांग की, तुला अडवलंय कुणी? फक्त हॅलोविन होऊन जाऊ दे. मी ठाम राहिले. शनिवारीच. शनिवारी आईही आहे. तिच्यासमोर सत्य सांगायचं, शिक्षणाचा याहून मोठा उपयोग कुठला? भाषण लिहून काढलं. फार छान झालं आहे.

२१ ऑक्टोबर, सकाळ
भाषण पाठ. आरशासमोर एकदाही अडखळले नाही.

२१ ऑक्टोबर, घरी आल्यावर
कॅन्टीनच्या सगळ्या आल्या होत्या, केस सेट करून. आई त्यांना म्हणाली, बघा हं आता, रुमाल काढून ठेवा, आमच्या मार्नीइतकं छान यूनिसचं कुणी सांगत नाही. सगळ्या बाल्कनीत बसल्या. यूनिसबाई आईच्या मागच्या रांगेत. त्यांच्या खुर्चीत बाहुल्या होत्या.

मी म्हटलं, यूनिस बेअर्ड. आईने श्वास रोखला. मग चेंडू आला. फ्रॉक आला. सावत्र आई आली, आणि आज तर तिने पोरीला कठड्यापर्यंत पाठलाग करून नेलं. अशी मी कधीच सांगितली नव्हती.

इतक्यात आई किंचाळली. तिच्या खांद्यावर थंडगार हात पडला होता. मग सगळ्याच किंचाळल्या. यूनिसबाई उठून बाहेर निघाल्या होत्या. अंधारात तोल जाऊ नये म्हणून त्यांनी आईच्या खांद्याचा आधार घेतला. सॉरी म्हणाल्याही, पण त्या गोंधळात कुणाला ऐकू गेलं नाही. दाराशी थांबून त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पुढचं वाक्य सुरू केलं.

आई अजून फोनवर आहे. मावशीला सांगते आहे, हात बर्फासारखा होता, पण त्यात राग नव्हता गं. मधेच फोनवर हात धरून तिने मला विचारलं, मार्नी, खरं सांग, तुलाही दिसली ना ती?

हो म्हटलं. दिसली.